काल काय खाल्लं? आहार-मोजणीबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका पिशवीत वजनकाटा, दुसरीत वाट्या-पळ्यांचा संच, आणि काखेत फाइल. अशा थाटात मी नागपुरातल्या घरांत जाते आणि लोक काय खातात ते लिहून आणते. कधी महालात, कधी जरीपटक्यात, कधी कळमन्याच्या पलीकडे. दारात, ओट्याजवळ किंवा चहा घेता घेता लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

कालचंच का विचारता? आम्ही तर रोज सारखंच खातो.

"रोज काय खाता?" असं विचारलं की माणूस आपल्या मनातला आहार सांगतो. वरण, भात, भाजी, पोळी, संध्याकाळी थोडं फळ. काल काय खाल्लं ते विचारलं की फळ गायब होतं आणि रात्री अकराचा चिवडा बाहेर येतो. म्हणून मागच्या २४ तासांचं विचारायची पद्धत जगभर चालते.

एकदा विचारून भागत नाही, फेऱ्या असतात. आधी आठवेल तसं भराभर सांगायचं, मध्ये मी बोलत नाही. मग हमखास विसरले जाणारे पदार्थ मी एकेक विचारते: चहा, बिस्किट, फुटाणे, प्रसाद, मुलाच्या ताटात उरलेलं. मग वेळ आणि जागा, मग किती आणि कसं केलं, आणि शेवटी पुन्हा एकदा "अजून काही?"

दुसरी फेरी नागपुरात फार कामाची. "नाश्ता नाही करत जी मी," असं ठाम सांगणारे एक दादा पाच मिनिटांनी म्हणाले, "ऑफिसला जाताना तर्री पोहा होतो, पण तो काय नाश्ता आहे का?" त्यांच्या हिशेबात घरी बसून खाल्लं तोच नाश्ता. चहाचंही तसंच. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी, आणि त्या माणसाला आपण साखर खातो असं वाटतच नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाण्यात मोजत नाही, पण विचारते. तो तोंडात असला की जेवण पुढे ढकललं जातं.

मी खोटं सांगितलं तर तुम्हाला कसं कळणार?

तुमच्यापुरतं बहुतेक कळणार नाही. पण सगळे मिळून किती कमी सांगतात, ते कळतं.

त्याची युक्ती पाण्यात आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड, पण किरणोत्सारी नसलेले प्रकार घातलेलं पाणी माणसाला प्यायला देतात आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने घेतात. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते निघतं आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च झाली ते. वजन स्थिर असेल तर जितकी खर्च झाली तितकीच खाल्ली गेली असणार. अमेरिकी शास्त्रज्ञ नेथन लिफसन यांनी १९५०च्या दशकात प्राण्यांवर ही पद्धत बसवली, आणि माणसांवर ती १९८२ साली वापरात आली.

मग लोकांनी सांगितलेलं आणि या पाण्याने दाखवलेलं शेजारी ठेवलं गेलं. निष्कर्ष पुन्हा पुन्हा एकच: लोक कमी सांगतात, आणि वजन जास्त असलेले अधिकच कमी सांगतात. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. समोर अनोळखी बाई फाइल घेऊन बसली की शेव-चिवडा आठवत नाही, सॅलड आठवतं.

ही तपासणी महाग आहे, घरोघरी परवडत नाही. प्रथिनांसाठी २४ तासांच्या लघवीतला नायट्रोजन आणि मिठासाठी त्यातलं सोडियम मोजणं त्यामानाने सोपं. तरी दिवसभर डबा घेऊन फिरायला कोण तयार होतं ते मला विचारू नका.

वाटी म्हणजे वाटी. त्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे?

सगळं त्यातच आहे.

एका घरात तीन वाट्या असतात: लग्नात आलेली जाड स्टीलची, नातवाची छोटी, आणि दही लावायची मोठी. तिघींना नाव एकच. माझ्या पिशवीतल्या वाट्यांवर मिलिलिटर लिहिलेले आहेत. तुम्ही तुमची वाटी आणता, मी तिच्यात पाणी ओतून मोजते, मग कुठे "दोन वाट्या" या शब्दाला अर्थ येतो.

महालातल्या एका काकूंचं वरण सांगते. काकू म्हणाल्या, "दोन्ही वेळा वाटीभर वरण घेतोच आम्ही, प्रोटीनची काळजी नाही." वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, ओट्यावरच होता. रिकामा झाल्यावर तो मी पाण्याने भरून मोजला. खूण होती तिथपर्यंत पाऊण लिटरच्या थोडं वर पाणी बसलं. डाळ किती घातली होती? काकूंनी डब्यातून तेवढीच मूठ काढून काट्यावर टाकली: ९० ग्रॅम. पाच माणसं, म्हणजे माणशी १८ ग्रॅम डाळ. तुरीच्या डाळीत साधारण २२ टक्के प्रथिनं धरली तर वाटीत जेमतेम चार ग्रॅम. ५५ किलोच्या बाईसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०२० सालची शिफारस दिवसाला सुमारे ४६ ग्रॅमची आहे. काकूंनी काट्याकडे पाहिलं, मग गंजाकडे, आणि म्हणाल्या, "म्हणजे हे पाणीच पितोय की आम्ही."

पाणी नाही, पण वाटी पाहून डाळ कळत नाही हे खरं. पोळ्या-भातातूनही प्रथिनं येतात, तेही मोजावं लागतं.

माझी चूक पण सांगते. सुरुवातीला एका ठिकाणी "दोन वाट्या तांदूळ" असं ऐकलं आणि ते एका बाईंच्या नावावर लिहून टाकलं. त्या दोन वाट्या कच्च्या होत्या आणि चौघांच्या होत्या. सव्वादोनशे कॅलरींच्या जागी कागदावर नऊशे गेल्या. तेव्हापासून "तांदूळ की भात?" हे मी मंत्रासारखं विचारते. शंभर ग्रॅम तांदळाचा अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो, त्यामुळे हा एक शब्द चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं.

तेल-मीठ कसं मोजता? ते तर अंदाजानेच पडतं.

बरणी सकाळी मोजायची, रात्री मोजायची. तळण असेल तर कढईत उरलेलं तेलही. सावजी रश्शाचा प्रश्न वेगळा. वरचा तवंग कोणाच्या ताटात किती गेला हे मोजायचं तर प्रत्येकाचं ताट जेवणाआधी आणि नंतर तोलावं लागतं. एकदा केलं. जेवणारे कंटाळले, मीही.

एका दिवसावरून माझा आहार कसा ठरवता?

ठरवतच नाही. एका दिवसावरून शंभर घरांची सरासरी बऱ्यापैकी निघते, एका माणसाचा आहार निघत नाही. भात-पोळीचं रोज सारखं असतं, दोन-तीन दिवसांत अंदाज येतो. अ जीवनसत्त्वाचं तसं नाही. एक दिवस पालक किंवा पपई, मग आठवडाभर काहीच नाही. तिथे कित्येक दिवस लागतात.

शिवाय दिवस कोणता? उपासाचा, पगाराचा, की बुधवारी बाजार भरतो त्याच्या दुसऱ्या दिवसाचा? महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी पूर्वी जात असे. सोळा भाज्यांचं कालवण, आंबील, पुरणपोळी, कढी, वडे: कागदावर अख्खं नागपूर सुपोषित दिसायचं. आता नाही जात. ऋतूही बघावा लागतो. हिवाळ्यात सोलेभात, पोपटीच्या शेंगा, घोळाणा. उन्हाळ्यात ४५ अंशांत चिवळ सोडली तर पालेभाजी कोमेजलेलीच मिळते. फक्त डिसेंबरात पाहणी करून "नागपूरकर भरपूर भाज्या खातात" असं लिहिणाऱ्याला मे महिन्यात सीताबर्डीच्या बाजारात उभं करावं.

सरकारी आकडे कुठून येतात? आमच्याकडे तर कधी कोणी आलं नाही.

वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि गोंधळ तिथेच होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची घरगुती खर्चाची पाहणी ही घरात काय विकत आलं ते विचारते, कोणी किती खाल्लं ते नाही. २०२२-२३ च्या पाहणीत अडीच लाखांहून अधिक घरं होती. त्यात एकूण खर्चापैकी खाण्यावर ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरात ३९ टक्के निघाले. तेल, भाजी, फळं, अंडी, मांस यांचं मागच्या सात दिवसांचं विचारतात, धान्य-डाळींचं तीस दिवसांचं. हे दिवस किती असावेत यावर १९९९-२००० मध्ये मोठा वाद झाला होता. एकाच घराला दोन्ही कालावधींचं विचारलं, आणि गरिबीचा आकडा आधीच्या वर्षांशी ताडून पाहणंच अवघड होऊन बसलं. आठवणीचा कालावधी बदलला की माणसं गरीब किंवा श्रीमंत होतात, हे मला अजून अजब वाटतं.

प्रत्यक्ष ताट मोजणारी यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग. १९७२ साली सुरू झालेला, महाराष्ट्रही त्यात होता. २०१५ मध्ये तो बंद झाला. माझ्या मते हे नुकसान मोठं आहे. खरेदीच्या पावत्यांवरून घरातल्या सुनेने काय खाल्लं ते कळत नाही.

पदार्थांतल्या कॅलरी तुम्ही कुठून काढता?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतून. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू केली आणि १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तिच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ खाद्यवस्तूंचं पृथक्करण आहे, देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन केलेलं. तक्ते कच्च्या वस्तूंचे आहेत. पाटवडी रस्सा त्यात सापडणार नाही. तो मला बेसन, तेल, कांदा, खोबरं असा सोडवून लिहावा लागतो. म्हणून मी तुमची कृती इतकी खोदून विचारते, चोरायची म्हणून नाही.

घरातल्या बाईचं वेगळं का विचारता?

कारण ती शेवटी जेवते आणि गंजात उरलेलं जेवते. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी एक सोपं मोजमाप आहे: खाण्याचे दहा गट, त्यांपैकी काल किमान पाच आले का? धान्य, डाळी, दाणे-बिया, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. पंधरा ग्रॅमच्या आतलं धरायचं नाही. त्यामुळे वरून भुरभुरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, पालेभाजीत जात नाही आणि बोटभर जवसाची चटणी बियांत जात नाही. दुधाचा नुसता चहासुद्धा बहुतेकदा सुटतो. वरण-भात-आलूची भाजी-पोळी असं भरलेलं दिसणारं ताट इथे दोन गटांवर अडकतं. हो, दोनच. आलू धान्याच्याच गटात धरतात.

ताटाचा फोटो काढला की ॲप कॅलरी सांगतं. मग तुमची गरज काय?

फोटोत तर्री दिसते, तर्रीखालचं तेल दिसत नाही. वरण घट्ट की पातळ तेही नाही. आठवण करून द्यायला फोटो चांगला. मीसुद्धा मागवते.

आज बातमी येते अंडं चांगलं, उद्या वाईट. विश्वास कशावर ठेवायचा?

अशा बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी एक प्रश्नावली असते: गेल्या वर्षभरात अमुक पदार्थ किती वेळा खाल्ला? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या गाजलेल्या अभ्यासात १९८० साली अशी ६१ पदार्थांची यादी वापरली गेली. हजारो लोकांना स्वस्तात विचारता येतं, वर्षानुवर्षं मागोवा घेता येतो, हे तिचं बळ. पण आठवण धूसर, आणि अंडी खाणारा माणूस इतरही बरंच काही करतो: धूम्रपान करतो की नाही, चालतो किती, कमावतो किती. हे सगळं वेगळं काढणं अवघड. म्हणून एका अभ्यासावर सकाळचा नाश्ता बदलू नका. आणि परदेशी यादी मराठीत आणून इथे चालवणारा दिसला तर त्याला विचारा, यात झुणका कुठे आहे?

हे शाश्वत आहार काय प्रकरण आहे? आता तेही मोजणार का?

मोजायला लागलेत. २०१० मध्ये अन्न व कृषी संघटनेने केलेली व्याख्या थोडक्यात अशी: पर्यावरणावर भार कमी, पोषण पुरेसं, खिशाला परवडणारं आणि लोकांच्या रीतीभातीत बसणारं. चारही एकत्र.

२०१९ साली ईट-लॅन्सेट आयोगाने, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांच्या गटाने, पृथ्वीला झेपेल असं एक ताट मांडलं: २५०० कॅलरी, ३०० ग्रॅम भाज्या, २०० ग्रॅम फळं, ७५ ग्रॅम कडधान्यं, ५० ग्रॅम दाणे, आणि लाल मांस सरासरी फक्त १४ ग्रॅम. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी किंमत काढली, तर जगातल्या किमान १५८ कोटी लोकांच्या दिवसाच्या उत्पन्नापेक्षा हे ताट महाग निघालं.

आपल्या पोषण संस्थेचं २०२४ चं ताट २००० कॅलरींचं आहे: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-अंडी-मांस मिळून ८५, दाणे-बिया ३५, तेल-तूप २७, आणि ३०० मिलिलिटर दूध. धान्यातून ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असंही ते सांगतं. आता रेशनकार्डावर माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ-गहू फुकट मिळतं, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. ताटाचा हा कोपरा भरतो. उरलेल्या कोपऱ्यांचं रेशन नाही. आमच्या पाहणीतल्या कित्येक घरांत लोक "कमी खा" या सल्ल्याच्या आसपासही नाहीत. त्यांना डाळ, भाजी, फळ जास्तच खायला हवं. जगाचं सरासरी ताट त्यांच्यासमोर ठेवण्याआधी त्यांचं मोजा, एवढंच माझं म्हणणं.

मग सावजी मटण सोडायचं का?

सोडा किंवा नका सोडू, आधी हिशेब बघा. आयोगाचे १४ ग्रॅम म्हणजे आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅम. हलबा कोष्ट्यांच्या घरातून निघालेला हा रस्सा महिन्यातून एक-दोनदा खाणारा माणूस त्या मर्यादेत आरामात बसतो. रोज हॉटेलात खाणारा नाही बसत. आपल्याकडे रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, ताटात येतो तो बराचसा दुधातून, पण दुधावर बोलायला कोणी तयार नसतं.

ज्वारी पाणी वाचवते आणि संत्री गावचीच खावी, बरोबर?

अर्धं-अर्धं बरोबर. जगाची सरासरी काढली तर किलोभर ज्वारीमागे सुमारे ३००० लिटर पाणी दिसतं, साळीमागे १७०० च्या आसपास. ज्वारी हरली? नाही. ज्वारीच्या त्या पाण्यातलं नऊ-दशांशाहून जास्त पावसाचं असतं, आणि आकडा फुगतो तो उत्पन्न कमी म्हणून. साळीला कालव्याचं, बोअरचं पाणी त्याहून कितीतरी जास्त लागतं, शिवाय पाणी भरलेल्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, मिथेन निघतो. पाणी किती याच्याइतकंच ते कुठलं हेही विचारायचं असतं. अडचण एवढीच की विदर्भातली खरिपाची ज्वारी सोयाबीनने कधीच मागे ढकलली आहे.

संत्र्याचं म्हणाल तर आंबिया असो की मृग बहार, जरूर खा, ताजी आणि स्वस्त मिळते म्हणून. पण वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांच्या उत्सर्जनात दहा टक्क्यांच्या आतच असतो. २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांचा हिशेब मांडला गेला, त्यातून हे स्पष्ट झालं. काय खाता याचा फरक कुठून आणता याहून मोठा. विमानाने आलेलं फळ मात्र याला अपवाद.

लाखोळीची डाळ खाल्ली असेल तर सांगायचं की नाही?

सांगा. आम्ही कुठे कळवत नाही.

लाखोळी म्हणजे लाखेची डाळ, हिंदीतली खेसारी. माझ्या कामातला हा सगळ्यात अवघड पदार्थ आहे. भंडारा-गोंदियाकडे, आपल्या जिल्ह्याच्या धानपट्ट्यातही, उभ्या धानातच लाखोळी फेकतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, खत नाही. जमिनीतल्या ओलीवर पीक येतं, आणि वर मातीत नायट्रोजन सोडून जातं. शाश्वत आहाराच्या यादीत पहिलं नाव शोभावं असं. प्रथिनंही भरपूर.

पण तिच्यात ओडीएपी नावाचं विष असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडतात, आणि ते परत येत नाहीत. १९६१ पासून विक्रीवर बंदीचा नियम आहे, आजच्या अन्नसुरक्षा नियमांतही मनाई आहे. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष बरंच कमी होतं, हे जुन्या बायकांना ठाऊक आहे आणि पोषण संस्थेनेही तपासलं आहे. रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाणही निघाले आहेत.

मोजणीत काय होतं? "कोणती डाळ?" विचारलं की उत्तर येतं, "तूरच." ओट्यावर वडे लाखोळीचे असतात आणि बाई माझ्याकडे न बघता परात झाकते. माझ्या कागदावर तूर जाते. त्यावरून उद्या कोणी लिहील की या भागात लाखोळी खाल्लीच जात नाही.

नाव-पत्ता कोणाला देता का? पैसे मिळतात का?

नाव नाही, फक्त क्रमांक. पैसे नाहीत. चहा तुम्हीच पाजता.

घरच्या घरी काही मोजून बघायचं असेल तर काय मोजावं?

तेल. नवा पिपा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी दिवस मोजा. तेलाचे ग्रॅम भागिले माणसं भागिले दिवस. १५ किलोचा पिपा चौघांना रोज २७ ग्रॅमप्रमाणे जवळजवळ साडेचार महिने जायला हवा. आमच्या घरी दोन महिने वीस दिवस गेला, आणि मी आहार मोजणारी बाई आहे. पाहुणे जेवून गेले असतील तर त्यांनाही माणसांत धरा. महालक्ष्म्यांच्या महिन्यात मात्र हा प्रयोग करू नका.